परत केलेलं ब्लँकेट

"आजी, इकडे बघा. इकडे! जरा हसा की."

फोटोवाला गुडघ्यावर बसून कॅमेरा सरसावत होता आणि गोदूच्या मांडीवर कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ब्लँकेट आणून ठेवलं होतं. लाल रंगाचं, वर वाघाचं तोंड छापलेलं. एवढं पातळ की पिशवीतूनही आरपार दिसावं. ती दोन मिनिटं टेकायला म्हणून मांडवातल्या खुर्चीवर बसली होती. समोरच्या बिल्डिंगमधून साड्यांचं बोचकं घेऊन निघाली आणि उन्हाने तिला भोवळल्यासारखं झालं. थंडीचे दिवस सुरू झाले तरी पनवेलचं दुपारचं ऊन काही कमी होत नाही. एक मुलगा धावत आला, "आजी, बसा बसा," म्हणाला, पाण्याचा ग्लास दिला. तिला बरं वाटलं. चांगली पोरं आहेत, असं मनात म्हणत ती पाणी प्यायली. मग हे ब्लँकेट आलं.

"ह्ये काय? माला नको," ती म्हणाली.

"घ्या हो आजी, दादांकडून आहे."

"कुठले दादा? माला नको, सांगते ना. माज्याकडं हाय." तिने ब्लँकेट उचललं आणि हात लांब करून समोर उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टवाल्या माणसाकडे परत दिलं. त्याच वेळी फ्लॅश चमकला. पांढऱ्या शर्टवाल्यानेही हसत ब्लँकेट धरलं, क्षणभर दोघांच्या हातांत ते तसंच राहिलं. मग गोदूने सोडलं, बोचकं डोक्यावर घेतलं आणि ती चालू लागली.

मांडव ज्या मैदानात होता ते मैदान ओलांडलं की मागे गावठाण. खांदा कॉलनीच्या बिल्डिंगा उभ्या राहायच्या आधी इथे सगळीकडे भाताची खाचरं होती. गोदू लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने इथेच शेवटची पिकं काढली. मग जमीन सरकारजमा झाली, मोबदला आला तसा चुलत्यांच्या भांडणात गेला आणि गोदूचा नवरा काशीराम मिळेल ते काम करत करत एक दिवस गेला. राहिलं ते गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, मुलगा हितेश, आणि हातातली सुई.

थंडीच्या आधीचे हे दिवस गोदूच्या आवडीचे. दिवाळी आटपली की ती घर आवळायला घ्यायची. खिडक्यांच्या फटींत चिंध्या ठासायची. पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या घड्या बसवायची, म्हणजे पहाटेचा वारा आत येत नाही. बांधकामावरच्या फळ्यांचे तुकडे मुकादमाला विचारून आणायची, वर्षभर साठवलेल्या करवंट्या पोत्यात भरून अंगणातल्या बंबाशेजारी ठेवायची. गॅस पाणी तापवायला जाळायचा नाही, हा तिचा नेम. खाली अंथरायला भाताचा पेंढा तिची बहीण भामा उरणकडून पाठवायची. तो उन्हात घालून, झटकून, जुन्या चादरीत भरून तिने गाद्यांखाली घातला की घरभर शेताचा वास यायचा आणि सून दीपिका शिंकत सुटायची.

आणि गोधड्या. घरच्यांसाठी एक, आणि कॉलनीतल्या बायकांसाठी जेवढ्या होतील तेवढ्या. बायका जुन्या साड्या द्यायच्या, ती फॉल उसवायची, धुवायची, कडक उन्हात वाळवायची. विरलेल्या साड्या आत, धड साड्या वर. जमिनीवर थर पसरून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि इस्त्री ठेवायची आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन असे टाके घालत जायची. तिच्या टाक्यांत बोटाचं नखसुद्धा अडकत नसे, असं काशीराम लोकांना सांगायचा. तो गेला तेव्हा तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन बसली होती. तेव्हा कुणी काही दिलं नाही, आणि तिने कुणाकडे काही मागितलं नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी हितेश घरी आला तो दाराशी चप्पल न काढताच आत. तो पाण्याचा टँकर चालवायचा. कॉलनीत पाणी कमी आलं की त्याला जेवायलाही फुरसत मिळायची नाही. आज तो वेळेआधी आला होता. हातातला मोबाइल त्याने गोदूच्या तोंडासमोर धरला.

"ह्ये काय हाय, आये?"

गोदूने सुई थांबवली. मोबाइलमध्ये एक मोठा फ्लेक्सचा बोर्ड होता, नाक्यावरचा. वर कुणीतरी हात जोडून हसणारा पुढारी. खाली, त्या माणसाएवढीच मोठी, ती. तिचे डोळे फ्लॅशमुळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, हात पुढे. लांब केलेला, पसरलेला हात. त्या हातात लाल ब्लँकेट आणि पलीकडून पांढऱ्या शर्टवाला ते देतोय.

"काय लिवलंय?" तिने विचारलं. तिला वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता.

हितेशने वाचलं. एकेक शब्द तोडून वाचला. "कडाक्याच्या थंडीत निराधारांना मायेची ऊब."

दीपिका स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"मी घेतलं नाय," गोदू म्हणाली. "मी परत देत होते. हितेश, मी परत देत होते रे."

"लोक काय बोलतान माहीत हाय? ग्रुपवर टाकलाय. सगळ्या ड्रायव्हरनी बगितलाय. म्हणतान, आईला खायला देत नायस काय? म्हणतान, घराणी जमीनवाली, आन् आई रांगेला!"

"रांगेला नव्हते मी. बसले होते जरा."

"कशाला बसलीस? त्या चिंध्यांचं बोचकं घेऊन रस्त्यावर बसलीस तर भिकारीण समजणार नाय तर काय! किती येला सांगितलं, बंद कर ह्ये. नवीन रजई आणून देतो सांगितलं." त्याने भिंतीशी ठेवलेलं साड्यांचं बोचकं उचललं आणि दारातून अंगणात भिरकावलं. अंगणात सकाळी टँकरचा पाइप धुतलेला, चिखल झाला होता. गाठ सुटली. साड्या चिखलात पसरल्या.

गोदूच्या हातातली सुई गोधडीत तशीच उभी होती.

तिला पोरावर हात टाकावासा वाटला. एवढा राग तिला याआधी एकदाच आला होता, जमिनीच्या पैशांवरून चुलत दीर काशीरामच्या अंगावर धावून गेला तेव्हा. तेव्हाही तिने काही केलं नव्हतं. आता तिचा जबडा आवळला गेला.

"त्या लोकांच्या साड्या हायत," ती एवढंच म्हणाली. "तुज्या बापानं असा कंदी माज्या कामाला हात लावला नव्हता."

दीपिका मुकाट्याने अंगणात गेली आणि साड्या गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदू त्या दादांच्या कार्यालयात गेली. नाक्यावरून चार दुकानं सोडून, काचेचा दरवाजा, आत एसी. पांढऱ्या शर्टवाला खुर्चीत होता. त्याचं नाव प्रितेश, असं बाहेरच्या मुलाने सांगितलं.

"या आजी, या!" प्रितेशने तिला लगेच ओळखलं. हसला. "बसा. चहा घेणार?"

"बसायला नाय आले. बसले म्हणूनच सगळं झालंय. तो बोर्ड काढ."

"कोणता बोर्ड?"

"माजा. नाक्यावरचा. मी ब्लँकेट घेतलं नव्हतं. परत दिलं होतं. तुलाच दिलं होतं."

"अहो, मग घेऊन जा ना! अजून आहेत शिल्लक. ए, आजींना एक दे रे आतून. चांगलं बघून दे."

"माला ब्लँकेट नको. बोर्ड उतरव, सांगते."

प्रितेश जरा सावरून बसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं. "आजी, त्यात वाईट काय आहे? तुमचं नाव कुठे टाकलंय का? आणि फोटो किती छान आलाय बघा. आख्ख्या कार्यक्रमात तोच फोटो दादांना आवडला. एकदम नॅचरल."

"निराधार म्हंजे काय?"

"म्हणजे..." त्याने आजूबाजूला पाहिलं. "ज्यांना कुणाचा आधार नाही असे."

"माला मुलगा हाय. सून हाय. घर हाय, त्याची घरपट्टी मी भरते. थंडी यायच्या आधी माज्या घरात सगळ्यांना पांघरूण असतं, आन् वर कॉलनीतल्या लोकांना मी शिवून देते. तुज्या दादांच्या घरी गोधडी पायजे असंल तर सांग, शिवून देते! तू बसलायस ना, ह्या जागंला आमचं खाचर होतं. हितं मी लावणी केली हाय. आन् मी निराधार?"

"आजी, ते आता जुनं झालं," प्रितेश समजावणीच्या सुरात म्हणाला. "आणि राग मानू नका, पण तुम्ही बोचकं घेऊन बसला होता. आमच्या पोरांनी काय समजायचं? त्यांनी चांगल्याच भावनेने केलं ना? पुढच्या महिन्यात दादांचा वाढदिवस आहे, तेव्हा सगळे बोर्ड नवीन लागतील. तोपर्यंत जरा सांभाळून घ्या."

आतून मुलगा ब्लँकेट घेऊन आला. वाघाचंच. प्रितेशने ते तिच्यापुढे धरलं.

गोदूने त्या ब्लँकेटकडे पाहिलं, मग प्रितेशच्या डोळ्यांत. हात पुढे केला नाही. दोन्ही हात तिने पाठीमागे घेतले, शाळेतल्या पोरीसारखे, आणि काचेचा दरवाजा खांद्याने ढकलून बाहेर आली.

ती घरी गेली नाही. सरळ नाक्यावर गेली.

नाक्यावर मध्ये दुभाजक आहे, त्यावर दोन लोखंडी खांबांना तो बोर्ड बांधलेला. मोबाइलमध्ये पाहिला होता त्यापेक्षा फार मोठा. तिचा एक डोळासुद्धा तिच्या तळहातापेक्षा मोठा होता. खालून रिक्षा, बस, शाळेच्या गाड्या जात होत्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर तिचा हात पसरलेला. खांद्याच्या पिशवीत तिची कापडाची मोठी कात्री होती. ती दुभाजकावर चढली, लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली आणि खालच्या कोपऱ्याची नायलॉनची दोरी कापायला लागली. दोरी जाड होती. कात्रीची धार लागेना, तेव्हा ती करवतीसारखी घासू लागली.

"ओ काकी! पडाल!" रिक्षावाला ओरडला.

"चांगला बोर्ड आहे की, कशाला फाडताय?" मोटरसायकल थांबवून एकजण मोबाइल काढून शूट करायला लागला.

"तुज्या आईचा लाव मग!" ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं.

एक दोरी तुटली. मग दुसरी. खालची बाजू सुटली तसा बोर्ड वाऱ्यावर फडफडायला लागला, तिच्या तोंडावर आपटला. वरच्या दोऱ्यांपर्यंत तिचा हात पोचणं शक्य नव्हतं. ती टाचा वर करून, कठड्यावर एक पाय टाकून पाहत होती. ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला.

"ए बाई, उतर खाली! काय चाललंय? सरकारी खांब आहे!"

मागे हॉर्न वाजला, टँकरचा. तो तिला झोपेतही ओळखता आला असता. हितेशने टँकर दुभाजकाला खेटून उभा केला. कुणीतरी त्याला फोन केला असणार, किंवा तो व्हिडिओ एवढ्यात पोचलाही असणार. तो उतरला. गोदू त्याच्याकडे पाहत कात्री हातात घट्ट धरून उभी राहिली. आता हा आणखी बोलला तर, तिने ठरवलं, इथेच, भर रस्त्यात, ती याच्या कानाखाली वाजवेल.

हितेश टँकरच्या मागच्या शिडीने वर चढला. टाकीवर उभा राहिला, तेव्हा वरची दोरी त्याच्या छातीला येत होती. त्याने वरूनच हात खाली केला.

"कात्री दे."

"कोण रे तू?" हवालदाराने विचारलं.

"माज्या आईचा फोटो हाय," हितेश म्हणाला.

हवालदाराने बोर्डाकडे पाहिलं, मग गोदूकडे. मग तो वळला आणि अडलेल्या गाड्यांना हात दाखवायला लागला. गोदूने कात्री वर दिली.

बोर्ड खाली आला. हितेशने त्याची गुंडाळी करून केबिनमागे कोंबली. स्टेशनकडच्या रस्त्यावर आणखी एक होता, तोही दोघांनी उतरवला. तिसरा त्या कार्यालयाच्याच गच्चीवर, एवढ्या उंच की टँकरने काही झालं नसतं. हितेश खाली उभा राहून वर बघत होता, मुठी वळून. "मी बगतो," तो म्हणाला. पण तो बोर्ड राहिलाच. वाढदिवसापर्यंत राहिला.

घरी येताना केबिनमध्ये हितेश म्हणाला, "आता झालं ना?"

"तू तुज्या इज्जतीसाठी काढलास," गोदू म्हणाली. "माजी काय ती तू कालच चिखलात टाकलीस."

त्या रात्री तो अंगणात बसून दीपिकाने धुतलेल्या साड्या एकेक करून दोरीवर टाकत होता. एका साडीचा डाग गेला नव्हता. त्याने ती परत साबण लावून घासली. गोदूने आतून पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ती पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. राग असा कात्रीने दोरी कापल्यासारखा सुटत नाही.

गोधडी पुरी झाली तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. पहाटे कॉलनीवर धुकं बसायचं, बाटलीतलं खोबरेल तेल गोठायचं. गोदू गोधडी घेऊन मनस्वीच्या घरी गेली. साड्या तिच्याच होत्या. तिसऱ्या मजल्यावर राहणारी मनस्वी खारघरच्या कॉलेजात शिकवायची. तिच्यासारखं चोखंदळ गिऱ्हाईक गोदूला दुसरं नव्हतं. मागच्या वर्षी तिने लेकीची गोधडी खिडकीतल्या उजेडात धरून तपासली होती आणि "मावशी, हा कोपरा बघा, इथे गोळा झालाय," म्हणून परत उसवायला लावली होती. मजुरीवरून घासाघीस करायची ती वेगळीच. गोदू घरी येऊन तिला मनसोक्त शिव्या द्यायची आणि कोपरा पुन्हा शिवायची.

आज मनस्वीने दार उघडलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"मावशी! या ना, आत या. बसा, वर बसा, खाली नको." तिने गोधडी हातात घेतली, तशीच घडी सोफ्यावर ठेवली. "छान झालीय हो. खूप छान."

"उघडून तरी बगा."

"अहो, काय बघायचंय? तुम्ही केलीय म्हणजे छानच असणार." पैसे तिने आधीच काढून ठेवले होते. गोदूच्या हातात दिले. ठरल्यापेक्षा जास्त होते. मग ती आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली, भरलेली. "हे काही जुने स्वेटर आहेत. माझे, यांचे. आणि एक शाल आहे. घेऊन जा. मावशी, एक बोलू? तुम्ही आधी सांगायचं होतं ना. इतकी वर्षं येता आमच्याकडे. तो बोर्ड बघितला ना, मला इतकं वाईट वाटलं. रात्रभर झोप नाही."

गोदूने तोंड उघडलं. मी परत देत होते, असं सांगायला. शब्द ओठांवर आले. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं आणि ते पाणी एकदा आलं की त्यातून काही ऐकू जात नाही, हे तिला कळलं. प्रितेशला सुनावता आलं होतं. पोरावर जबडा आवळता आला होता. इथे काय कापायचं?

तिने जास्तीचे पैसे मोजून बाजूला काढले आणि टीपॉयवर ठेवले. पिशवीला हात लावला नाही. मग सोफ्यावरची गोधडी उचलली, मनस्वीच्या दिवाणखान्याच्या मधोमध, त्या चकचकीत फरशीवर झटकून पसरली आणि हाताने चारही बाजू सारख्या केल्या.

"बगा," ती म्हणाली.

"मावशी, खरंच नको..."

"तुमी बगितल्याबगर मी जाणार नाय."

आवाजात असं काही होतं की मनस्वी गुडघ्यांवर बसली. आधी तिने उगाच वरवर हात फिरवला, मोठ्या माणसाने लहान पोराचं चित्र बघावं तसा. गोदू तिच्या डोक्यावर उभी होती, हलली नाही. मग मनस्वी पुढे सरकली. तिने एक कोपरा उलटून मागचे टाके पाहिले. दुसरा पाहिला. बोट टाक्यांच्या रेषेवरून नेत नेत ती मध्यापर्यंत आली, परत कडेला गेली. तिसऱ्या कोपऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने वाकून पाहिलं, कपाळावर नेहमीची आठी पडली.

"मावशी," ती जराशा संकोचाने म्हणाली, "इथे टाका सैल वाटतोय. हा, बघा. ओढला तर सुटेल."

"कुठं?" गोदू म्हणाली, आणि ब्लाउजला टोचून ठेवलेली सुई काढून ती फरशीवर बसली.